गोदेच्या पाण्यातील अदृश्य वस्ती

नाशिकचे घाट सोडून गोदावरी नांदूर मध्यमेश्वराचा बंधारा ओलांडते आणि पुढे कोपरगावास येते. येथे नदीकाठी बसून ओंजळभर पाणी घेतले, तर डोळ्यांस थोडा गाळ आणि शेवाळाचे एखाद-दोन तंतू दिसतील. परंतु त्याच ओंजळीत कोट्यवधी सूक्ष्मजंतू नांदत असतात. ते कोण आहेत, हे कसे ओळखावे?

पूर्वी शास्त्रज्ञ काचेच्या थाळीत खाद्य घालून जंतू वाढवीत. पण बहुतेक जंतू थाळीत वाढतच नाहीत. म्हणून आता पाण्यातील सर्व जंतूंचा डीएनए एकदम काढून घेतात. डीएनए ही चार अक्षरांची लिपी होय. प्रत्येक जिवाणूत सुमारे दीड हजार अक्षरांचे एक विशिष्ट जनुक असते. त्याचा काही भाग सर्वांत सारखा, तर काही भाग निरनिराळ्या जातींत निराळा असतो. आडनावावरून घराणे ओळखावे, तसे त्यावरून जंतूंचे कूळ ओळखतात. यंत्राने वाचलेल्या अशा लक्षावधी ओळी ज्ञात ओळींशी ताडून पाहणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम संगणक करतो. या शास्त्रास जैवमाहितीशास्त्र म्हणतात. पुणे विद्यापीठात त्याचे केंद्र १९८७ साली सुरू झाले.

हे शास्त्र शिकण्यास मोठे यंत्र हवे, असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते आरंभास वही आणि पेन्सिल पुरे. समजा, एका कुपीत ‘क’ जातीचे ५० आणि ‘ख’ जातीचे ५० जंतू आहेत. काही दिवसांनी ‘क’ १५० झाले. ‘ख’ होते तितकेच राहिले. आता ‘ख’चे प्रमाण काढा. ते शेकडा ५० वरून २५ वर आले. तरी त्यांतील एकही जंतू मेलेला नाही! अक्षरे वाचणारे यंत्र मुख्यतः प्रमाण सांगते, खरी संख्या नव्हे. ही गोष्ट विसरणारा चांगल्या संगणकावरही चुकतो.

२०१५ साली नाशिकच्या कुंभमेळ्यात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी गोदावरीच्या पाच ठिकाणांचे पाणी तपासले. जंतूंची विविधता सुमारे ३७.५ टक्क्यांनी घटली होती; फर्मिक्यूट्स नावाच्या एकाच गटाने बहुतेक जागा व्यापली होती. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. जंतूंचा एकूण भार त्यांनी वेगळ्या रीतीने मोजला, तेव्हा तो सुमारे १३० पट वाढलेला आढळला. त्यांतील पुष्कळसे जंतू माणसांच्या अंगावरून आले होते, असे त्यांनी हिशेबाने दाखविले. औषधांना दाद न देणारी जनुकेही वाढली होती. खालच्या गावांना याची काळजी वाटणे साहजिक आहे.

मात्र नाशिकच्या पाण्यातील बदल कोपरगावापर्यंत किती पोहोचतो, हे त्या पाच ठिकाणांवरून ठरविता येत नाही. त्यासाठी येथल्याच पात्रातील पाणी कुप्यांत भरावे लागेल. मेळ्यापूर्वी, मेळ्यात आणि मेळा संपल्यावरही.