टाकाऊ लोकरीचे जेन

केडगावच्या पुढे नगर-पारनेरच्या माळरानावर धनगर बांधवांची दख्खनी मेंढरे चरतात. त्यांची लोकर जाडीभरडी. कृत्रिम धाग्यांची स्वस्त ब्लँकेटे आल्यापासून तिला मोल उरले नाही, व पुष्कळदा ती फेकून दिली जाते.

कोल्हापूरकडील पिंजारी कारागीर अशाच लोकरीचे ‘जेन’ करतात. त्यास सूतही लागत नाही, मागही नाही. लोकर पिंजून थर पसरावेत, साबणाचे कोमट पाणी शिंपडावे व चटईत गुंडाळून पायांनी मळावे. तंतूंवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकून घट्ट पट तयार होतो. देशोदेशींचे कल्पक कारागीर याच रीतीने आसने, पिशव्या व भिंतीवरील चित्रे घडवितात.

ग्रामसेवकांनी कातरणीच्या वेळी काळी व पांढरी लोकर निरनिराळी ठेवण्यास सांगावे. नक्षीचा आरंभ तेथेच होतो.