किरणांचा घाव आणि क्रोमॅटिनची घडी

कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाला साधारणपणे रोज २ ग्रे मात्रा देतात, आठवड्यातून पाच दिवस. शरीराच्या त्या भागाला यातून मिळणारी ऊर्जा इतकी थोडी असते, की तिथले तापमान अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. तरीही प्रत्येक पेशीच्या डीएनएत सुमारे २,००० एकेरी आणि ७०-८० दुहेरी भंग होतात. एकेरी भंग पेशी चटकन सांधते, कारण समोरचा धागा शाबूत असतो आणि त्याच्याबरहुकूम दुरुस्ती करता येते. दुहेरी भंगात दोन्ही धागे एकाच जागी तुटतात. असा एखादा भंग सांधायचा राहिला तर पेशी मरू शकते, आणि भलत्या टोकाशी सांधला गेला तर पुढे कर्करोगाचे बीज रुजू शकते.

भंग किती होतील आणि त्यांतले किती नीट सांधले जातील, हे नुसत्या मात्रेवर ठरत नाही. डीएनए त्या क्षणी कसा गुंडाळलेला आहे, यावरही ते ठरते.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती डीएनए रिळावरच्या दोऱ्यासारखा पावणेदोनच्या आसपास वेढे घेतो. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये ही रचना सुचवली. १९९७ मध्ये स्फटिकचित्रणातून तिचा अणूअणूचा तपशील मिळाला. या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात, तर डीएनए व प्रथिने मिळून होणाऱ्या साऱ्या द्रव्याला क्रोमॅटिन. हे क्रोमॅटिन सगळीकडे सारखे नसते. एमिल हाइट्झ यांनी १९२८ मध्येच त्याचे दोन प्रकार ओळखले होते : सैलसर यूक्रोमॅटिन आणि दाट हेटरोक्रोमॅटिन.

किरणांचा आणि क्रोमॅटिनचा संबंधही तितकाच जुना. क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तने होतात हे हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये दाखवले. त्यांच्या काही माश्यांचे डोळे लाल-पांढरे ठिपकेदार निघाले. त्यांच्यातला रंगाचा जनुक धडधाकट होता. मात्र किरणांनी गुणसूत्र तुटून उलटसुलट जोडले गेले होते, आणि हा जनुक हेटरोक्रोमॅटिनच्या शेजारी येऊन काही पेशींत मुका झाला होता.

दाट क्रोमॅटिन डीएनएची ढाल होते. किरणांमुळे होणारे बरेचसे नुकसान थेट आघाताने होत नाही. किरणांनी आसपासच्या पाण्याचे रेणू फुटतात, त्यांतून हायड्रॉक्सिल मुक्तमूलके तयार होतात आणि ती डीएनएवर तुटून पडतात. क्रोमॅटिन घट्ट असेल तर डीएनएभोवती पाणीही कमी आणि मुक्तमूलकांना वाटही अरुंद. जपानमधल्या मिशिमा येथील काझुहिरो माएशिमा यांच्या गटाने मॅग्नेशियमचे प्रमाण बदलून क्रोमॅटिन सैल किंवा घट्ट केले आणि त्यावर किरण सोडले. घट्ट क्रोमॅटिनमध्ये दुहेरी भंग ५ ते ५० पटींनी कमी झाले (२०१३).

एवढ्यावरून घट्ट घडी म्हणजे सुरक्षितता असे वाटेल. पण गुणसूत्रे सर्वांत घट्ट असतात ती पेशीविभाजनाच्या वेळी, आणि किरणांनी पेशी सर्वाधिक मरतात त्याही त्याच सुमारास! याचे एक मोठे कारण असे, की विभाजन चालू असताना पेशी दुरुस्तीचे काम बरेचसे थांबवते. ढाल मजबूत असून भागत नाही. वैद्याला आत जाता आले पाहिजे.

दुरुस्ती डोळ्यांनी पाहण्याची सोय १९९८ मधल्या एका शोधामुळे झाली. विल्यम बॉनर यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले, की भंग होताच काही मिनिटांत आसपासच्या एच-टू-ए-एक्स या हिस्टोनवर फॉस्फेटची खूण चढते, आणि ती भंगाच्या आजूबाजूला लाखो बेस-जोड्यांपर्यंत पसरते. या खुणेला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला चमकता रंग जोडून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात : निळ्या केंद्रकात हिरवे ठिपके. उंदराच्या पेशीत हेटरोक्रोमॅटिनचे दाट निळे पुंजके वेगळे उठून दिसतात. किरण दिल्यावर अर्ध्या तासाने हिरवे ठिपके केंद्रकभर असतात. दुसऱ्या दिवशी बहुतेक गेलेले असतात, आणि जे उरतात त्यांतले बरेच निळ्या पुंजक्यांच्या काठाला चिकटलेले दिसतात.

हे असे का होते, ते ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठात पेनी जेगो यांच्या गटाने २००८ मध्ये उलगडले. दहा ते पंचवीस टक्के भंगांची दुरुस्ती एटीएम या विकराशिवाय होत नाही, आणि हे भंग हेटरोक्रोमॅटिनशी निगडित असतात. तिथली घडी घट्ट ठेवणाऱ्या कॅप-१ या प्रथिनावर एटीएम फॉस्फेट चढवते, तेव्हा घडी सैल होते. कॅप-१ आधीच काढून टाकले, तर या भंगांना एटीएमची गरजच उरत नाही. एटीएम जन्मतः सदोष असलेल्या रुग्णांना किरणोपचाराची नेहमीची मात्राही जिवावर बेतू शकते.

हेटरोक्रोमॅटिन उघडण्यातही धोका आहे. तिथे डीएनएचे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात. नक्कल करून दुरुस्ती करताना चुकून दुसऱ्याच गुणसूत्रावरचा तसाच तुकडा धरला, तर गुणसूत्रांची सरमिसळ होते. फळमाशीची पेशी त्यावर काय करते, हे इरेने किओलो आणि गॅरी कार्पेन यांनी बर्कलीत २०११ मध्ये पाहिले. ती भंगाची टोके हेटरोक्रोमॅटिनच्या बाहेर आणते आणि मगच दुरुस्तीचा शेवटचा टप्पा सुरू होतो.

या ज्ञानाचा उपचारासाठी उपयोग करण्याचे प्रयत्न चालू आहेत. हिस्टोनवरच्या खुणा बदलणारी काही औषधे किरणांच्या जोडीने तपासली जात आहेत. आपल्याकडे खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेतही हिस्टोन आणि क्रोमॅटिनवर संशोधन होते.

रुग्णाच्या घरच्यांनी यातून एक गोष्ट मनावर घ्यावी. दोन मात्रांमधल्या वेळात निरोगी पेशी आपले भंग सांधून घेतात. अनेक गाठींच्या पेशींत ही यंत्रणाच बिघडलेली असते, म्हणून त्या मागे पडतात. मध्ये मोठा खंड पडला तर उरलेल्या गाठीला पुन्हा वाढायला सवड मिळते. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात हे विशेष जाणवते. म्हणून सण, प्रवास किंवा थकवा यांसाठी किरणोपचार आपल्या मनाने थांबवू नका. अडचण आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि ठरलेला क्रम पूर्ण करा.