स्वस्त पण भरवशाची शिकारी रायफल : काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

स्वस्त माल टिकत नाही आणि टिकाऊ माल स्वस्त मिळत नाही, हे वाक्य बाजारात रोज ऐकू येते. पुष्कळदा ते खरेही असते. पण काही धंद्यांत काही कारखानदारांनी ते खोटे ठरवले आहे. अमेरिकेतील शिकारी रायफलीचा धंदा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तेथे हरणाच्या शिकारीचा हंगाम आला की शेतकरी, सुतार, ट्रकचालक असे सामान्य कमाईचे लोक रीतसर परवाना काढून रानात जातात. त्यांना नक्षीदार, हजारो डॉलरची रायफल नको असते. खिशाला परवडणारी, दरवर्षी त्याच जागी गोळी टाकणारी आणि हातात धोका न देणारी रायफल हवी असते. या गिऱ्हाइकासाठी कारखानदारांनी कोठे पैसा वाचवला आणि कोठे वाचवायला नको होता, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि बंदूक बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. त्यामुळे हा लेख येथे रायफल विकत घेण्यासाठी नाही. लेथ, ओतकाम, फिटिंग यांत हात असलेल्या कारागिरांना आणि मालाची पारख करून पोट भरणाऱ्या व्यापाऱ्यांना त्या धंद्यातून जे शिकण्यासारखे आहे, ते सांगावे एवढाच उद्देश आहे.

रायफलीचे भाग

बोल्टची शिकारी रायफल मुख्यतः पाच भागांची असते. गोळीला दिशा देणारी नळी, नळी जिच्यात बसते ती पोलादी पेटी म्हणजे रिसीव्हर, काडतूस आत ढकलून मागून दार बंद करणारा बोल्ट, बोटाने ओढायचा चाप आणि खांद्याला लावायचा दस्ता. अमेरिकेत खूप चालणाऱ्या .३०८ विंचेस्टर या काडतुसाचा दाब दर चौरस इंचाला ६२ हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. हा दाब नळी, रिसीव्हर आणि बोल्ट मिळून झेलतात आणि हे सारे शिकाऱ्याच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर घडते. म्हणून या तिघांच्या पोलादात आणि मापात तडजोड चालत नाही. दस्ता मात्र अक्रोडाच्या लाकडाचा असो की प्लॅस्टिकचा, शिकारीच्या कामात त्याने फारसे अडत नाही. उलट चांगले प्लॅस्टिक पावसात फुगत नाही.

एका नटाची करामत

काडतूस नळीतील आपल्या जागेत बसले की त्याचे बूड बोल्टला अगदी बेताने टेकावे लागते. जागा जास्त राहिली तर काडतुसाचे पितळ फाटू शकते, कमी राहिली तर बोल्ट बंदच होत नाही. हे माप इंचाच्या हजारांश भागांत धरावे लागते. जुन्या पद्धतीत कुशल फिटर प्रत्येक नळी रिसीव्हरमध्ये आवळून, तपासून, पुन्हा कापून हे माप जुळवीत असे. रायफल महाग होण्याचे हे एक मोठे कारण होते, कारण असा फिटर रोज थोड्याच नळ्या बसवू शकतो.

१९५८ मध्ये सॅव्हेज कंपनीने निकोलस ब्रूअर यांनी आखलेली ११० क्रमांकाची रायफल बाजारात आणली. तिच्यात नळीच्या बुडाशी लांब आटे पाडून त्यावर एक मोठा नट बसवला होता. कारागिराने मापाचे गेज काडतुसाच्या जागी ठेवायचे, बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळून टाकायचा. कापणे नाही, घासणे नाही. शिवाय बोल्टचे डोके स्वतंत्र ठेवून खिळीने जोडले. ते किंचित हलते, त्यामुळे बोल्टचे दोन्ही कान रिसीव्हरमध्ये सारखे टेकतात आणि तेथेही हाताने घासून जुळवण्याचे काम वाचते.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की काम कमी झाले, पण माप ढिले झाले नाही. उलट गेजवर बसवलेली प्रत्येक नळी सारखीच बसू लागली. नळीवरचा तो नट दिसायला ओबडधोबड होता आणि शौकीन लोक त्याला नावे ठेवीत, पण निशाण्याच्या बाबतीत ही स्वस्त रायफल महागड्या रायफलींच्या शेजारी बसू लागली. १९८८ मध्ये सॅव्हेज कंपनीचे दिवाळे निघाले. तिला सावरण्यासाठी रोनाल्ड कोबर्न आले आणि त्यांनी इतर पसारा बंद करून याच साध्या ११० वर सारा भर दिला. कंपनी उभी राहिली. पुढे रेमिंग्टनने २०१३ च्या ७८३ या स्वस्त रायफलीत नळीवर नटाचीच पद्धत वापरली.

लेथवरची काटकसर

दुसरे उदाहरण रेमिंग्टनचे. जुन्या जर्मन माउझर पद्धतीच्या रायफलीचा रिसीव्हर घडीव पोलादाच्या तुकड्यातून अनेक बाजूंनी मिलिंग करून काढावा लागे. दणका दस्त्याकडे पोचवणारा खालचा दांडा त्याच तुकड्यातून कोरावा लागे. रेमिंग्टनने १९४८ च्या ७२१ या रायफलीत रिसीव्हर सरळ गोल केला. गोल गज घ्यायचा आणि लेथवर कातायचा. दणक्याचा दांडा वेगळा केला, जाड वॉशरसारखा, आणि तो नळी व रिसीव्हर यांच्यामध्ये आवळला. लेथवरचे काम मिलिंगपेक्षा स्वस्त आणि गोल वस्तू सरळ रेषेत ठेवणे सोपे. १९६२ मध्ये याच मांडणीची ७०० क्रमांकाची रायफल आली आणि पुढे अमेरिकी मरीन दलाची नेमबाजांची एम-४० रायफल तिच्यावरच बेतली गेली. खर्च वाचवण्यासाठी काढलेली युक्ती सैन्याच्या अचूक नेमबाजीला पुरली, हे विसरण्यासारखे नाही.

रुगर कंपनीने २०११ च्या शेवटी 'अमेरिकन' नावाची रायफल काढली, तिची छापील किंमत ४४९ डॉलर होती. तिचा दस्ता प्लॅस्टिकचा, पण रिसीव्हर ज्या ठिकाणी दस्त्यात टेकतो तेथे धातूचे दोन ठोकळे बसवले. जेथे घट्ट बैठक लागते तेथे धातू आणि बाकी सर्वत्र स्वस्त प्लॅस्टिक, असा हिशेब त्यात आहे.

गिऱ्हाइकाच्या नजरेतून उतरलेली काटकसर

आता उलट बाजू. विंचेस्टरची मॉडेल ७० ही १९३६ ची रायफल शिकाऱ्यांत फार मानाची होती. मजुरी वाढली, नफा घटला, म्हणून कंपनीने १९६४ मध्ये तिची मांडणी बदलली. काडतुसाला सुरुवातीपासून घट्ट धरून आत नेणारा लांब आकडा काढून टाकला. दस्त्यावरची हाताने कोरलेली नक्षी जाऊन दाबून उठवलेले ठसे आले. नवी रायफल गोळी नीटच मारीत असे. पण हातात घेताच जुने गिऱ्हाईक ओळखून चुकले की आपल्याला कमी दिले जात आहे. 'चौसष्टच्या आधीची' हा शब्दच बाजारात रूढ झाला आणि जुन्या रायफलींना नव्यापेक्षा जास्त भाव येऊ लागला. अखेर १९९० च्या दशकात कंपनीला जुना आकडा पुन्हा आणावा लागला. नव्या नावाने नवा स्वस्त माल काढला असता तर कदाचित हे झाले नसते. जुन्या नावाखाली उतरता माल दिला, येथे विश्वास गेला.

चापातला दोष

दिखाऊ भागातील काटकसरीने फक्त गिऱ्हाईक नाराज होते. सुरक्षेच्या भागातील चूक जीव घेऊ शकते. एप्रिल २०१४ मध्ये रेमिंग्टनने १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रो या चापाच्या ७०० आणि सेव्हन रायफली परत मागवल्या. कारण काय, तर जोडणी करताना चिकटद्रव्य प्रमाणाबाहेर लागले होते आणि त्यामुळे चाप न ओढताही बार उडण्याची शक्यता होती. पोलाद उत्तम, नळी उत्तम, पण चिकटद्रव्याचे थेंब जास्त पडले आणि आठ वर्षांचा माल संशयात आला. जोडणीचे काम किरकोळ समजणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने हे लक्षात ठेवावे.

सॅव्हेजचाही चाप पूर्वी जड आणि खरखरीत होता. २००३ च्या सुमारास तिने नवा चाप आणला. त्याच्या मधोमध एक पातळ पाते असते. बोटाने ते पाते आधी दाबले गेले नाही तर आतला खटका अडकून राहतो. त्यामुळे चाप हलका करूनही धोका वाढला नाही. स्वस्त रायफलीत याच एका भागावर पैसा खर्च केला आणि गिऱ्हाइकाने त्याचे मोल ओळखले.

जुनी रायफल घेताना

कमी पैशांत काम भागवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे जुनी लष्करी रायफल. अमेरिकेत १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफली अशा पुष्कळ फिरल्या. पण त्यांतील जुन्या क्रमांकांपासून जाणकार दूर राहतात. स्प्रिंगफील्ड कारखान्यातील ८ लाखांच्या खालचे आणि रॉक आयलंड कारखान्यातील २,८५,५०७ च्या खालचे क्रमांक धोक्याचे मानले जातात. त्या काळी भट्टीतील पोलादाचा तपमानाचा अंदाज कारागीर डोळ्यांनी, रंग पाहून करीत. लख्ख उन्हाच्या दिवशी लाल रंग फिका दिसे, पोलाद प्रमाणाबाहेर तापे आणि पाणी दिल्यावर ठिसूळ होई. पहिल्या महायुद्धाच्या काळात अशा काही रायफली फुटल्या, तेव्हा चौकशी झाली आणि भट्टीला तपमान मोजणारी यंत्रे लागली. ते कारागीर अडाणी नव्हते, अनुभवी होते. पण जेथे माप लागते तेथे अनुभवी डोळाही फसतो.

खरेदीदार काय पाहतो

तेथील शहाणा खरेदीदार पुढील क्रमाने विचार करतो.

१. आधी काडतूस ठरवतो. .३०८ किंवा १९०६ पासून चालत आलेले .३०-०६ ही काडतुसे खेड्यातील दुकानातही मिळतात. दुर्मीळ काडतुसाची स्वस्त रायफल पुढे महाग पडते.

२. पूर्ण खर्च मोजतो. दुर्बीण, तिचे कडे आणि सरावाची काडतुसे धरून हिशेब करतो. दुर्बिणीचे स्क्रू ढिले असले तर उत्तम रायफलही चुकते. अमेरिकेत रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे आणि १९३७ च्या कायद्याने त्याचा पैसा वन्यजीव रक्षणाला जातो. तोही किमतीत आलेला असतो.

३. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहतो. नळी मोकळी ठेवलेली रायफल असेल तर पट्टी रिसीव्हरपर्यंत सहज जाते. मध्येच अडली तर दस्ता नळीवर दाब देतो आणि नळी तापली की निशाणा सरकतो.

४. नळीचे तोंड पाहतो. गोळी बाहेर पडते तेथील कडेला खड्डा किंवा ओरखडा असेल तर अचूकपणा गेला.

५. रायफल रिकामी असल्याची खात्री करून चाप तपासतो. सुरक्षा खटका लावून चाप ओढतो, सोडतो आणि मग खटका काढतो. खटका काढताच आतला घाव पडला तर ती रायफल परत ठेवतो.

६. क्रमांक लिहून घेतो आणि कंपनीने तो माल परत मागवला होता काय, हे विचारतो.

नव्या गिऱ्हाइकाचे डोळे बहुधा लाकडावर आणि चकाकीवर जातात. जाणता माणूस वरील सहा गोष्टी पाहतो आणि पैसे वाचवतो.

आपल्यासाठी

कुलूप असो, शेगडी असो, शिलाई यंत्राचा सुटा भाग असो, प्रत्येक वस्तूत एक जागा अशी असते जेथे दाब, धार किंवा धोका असतो. त्या जागी माप आणि माल पुरा द्यावा. बाकीच्या जागी काम सोपे करण्याची युक्ती शोधावी. गिऱ्हाइकाला उतरता माल देऊन वाचवलेला पैसा आणि काम सोपे करून वाचवलेला पैसा वहीत सारखाच दिसतो. पण पहिल्याने विंचेस्टरचे गिऱ्हाईक तोडले आणि दुसऱ्याने दिवाळे निघालेल्या सॅव्हेजला पुन्हा उभे केले. दुकानदारानेही माल भरताना कारखानदाराला भावाबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा, की हा माल स्वस्त कशामुळे झाला. ज्याला याचे सरळ उत्तर देता येते, त्याच्याशी व्यवहार करावा.