क्रॅक कशाला? क्रिटा आहे ना!

महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून डिझाइन शिकायचं थांबवू नका, आणि पेनड्राइव्हमधून फिरणाऱ्या 'क्रॅक'च्या नादीही लागू नका. भोर-वेल्ह्यात बसून, जुन्या लॅपटॉपवर, सॉफ्टवेअरसाठी एक रुपयाही न मोजता काम सुरू करता येतं. अडथळा एकच आहे आणि तो सॉफ्टवेअरचा नाही!

कापूरहोळवरून भोरकडे वळा किंवा चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे. रस्ता कुठलाही घ्या, फ्लेक्स दिसणारच. यात्रेचा फ्लेक्स, वाढदिवसाचा फ्लेक्स, कबड्डी स्पर्धेचा, नव्या हॉटेलचा, दहावीत पहिल्या आलेल्या मुलीच्या अभिनंदनाचा. शिवाय लग्नपत्रिका, तांदळाच्या पिशवीवरचं लेबल, होमस्टेचं कार्ड आणि स्टेटसला टाकायची पोस्ट. हे सगळं कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून करतं आणि त्याचे पैसे घेतं.

मग ते कुणीतरी तुम्ही का नाही? असं विचारलं की कॉलेजच्या कट्ट्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "अरे, सॉफ्टवेअर केवढ्याला येतं माहितीये का?"

प्रश्न खरा आहे. अ‍ॅडोबीने २०१३मध्ये जाहीर केलं की इथून पुढे सॉफ्टवेअर एकदाच विकत मिळणार नाही, वर्गणी भरत राहायची. विद्यार्थ्यांना सवलत मिळते, पण भाडं ते भाडंच. रोज एसटीने पुण्याला ये-जा करणाऱ्या पोरांच्या खिशाला ते कसं झेपणार? मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून क्रॅक येतो.

क्रॅकचा खरा खर्च

क्रॅक फुकट वाटतो, पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते. इन्स्टॉल करतानाच 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगितलेलं असतं. म्हणजे घराचं दार आपणच उघडून द्यायचं. त्यातून काय आत शिरलं हे कळतं तेव्हा प्रोजेक्टच्या फायली गेलेल्या असतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना ती कॉम्प्युटरवर वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे 'फक्त शिकतोय' तोवर एक गोष्ट आणि पहिल्या ऑर्डरचे पैसे घेतले की दुसरी! ज्या कामावर उद्या आपलं नाव टाकायचं, त्याची सुरुवात अशी कशाला करायची?

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

इथे एक फरक समजून घ्या. कॅनव्हाची साधी आवृत्ती फुकट आहे. फोटोपी ब्राउझरमध्ये फुकट चालतं. अ‍ॅफिनिटी तर २०२५च्या ऑक्टोबरपासून फुकट झालं. वापरा, काहीच हरकत नाही. पण हे फुकटपण कंपनीच्या हातात आहे. उद्या नियम बदलले तर आपण काही करू शकत नाही. आणि कॅनव्हाला नेट लागतंच. डोंगराच्या कुशीतल्या गावात रेंजसाठी टेकडीवर जावं लागत असेल तर ऐन कामाच्या वेळी अडकायला होतं.

मुक्त सॉफ्टवेअरचं तसं नाही. त्याचा कोड खुला असतो. कुणीही वापरावं, मित्राला द्यावं, बदलावं, त्यावर धंदा करावा. एकदा डाउनलोड केलं की नेट असो-नसो, चालतं. अनेकांना भीती वाटते की फुकटच्या सॉफ्टवेअरवर केलेलं काम विकता येत नाही. तसं काही नाही. तुम्ही काढलेलं चित्र तुमचं. फ्लेक्सचे पैसे घ्या, पुस्तकाचं मुखपृष्ठ करा, कुणाची परवानगी लागत नाही.

पेटीत काय काय आहे?

जिम्प हे फोटोवरच्या कामाचं सॉफ्टवेअर आहे. फोटोतली मागची गर्दी काढणं, रंग सुधारणं, चार फोटो एकत्र करणं. ते सुरू केलं ते कॉलेजच्याच दोन पोरांनी. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले विद्यार्थी. १९९५मध्ये त्यांनी प्रोजेक्ट म्हणून हात घातला आणि तीस वर्षांनी, मार्च २०२५मध्ये, त्याची ३.० आवृत्ती आली. आता मूळ फोटोला धक्का न लावता फिल्टर बदलता येतात, नंतर काढूनही टाकता येतात.

इंकस्केप २००३पासून आहे. लोगो, लेबल, नकाशा, फ्लेक्स, म्हणजे कितीही मोठं केलं तरी फाटू नये अशा कामासाठी. इथे चित्र ठिपक्यांनी नाही, रेषांच्या गणिताने बनतं. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरचा लोगो दहा फुटी फ्लेक्सवरही तसाच स्वच्छ दिसतो. आपल्याकडच्या कामांसाठी एकच सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर हे शिका. माऊसवर भागतं.

क्रिटा चित्रकारांसाठी. स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेल्यांना यातले ब्रश हातात घेतल्यावर घरी आल्यासारखं वाटेल. दोन-तीन हजारांचा साधा पेन टॅब्लेट मिळाला तर उत्तम. डेव्हिड रेव्हॉय हा फ्रेंच चित्रकार आपली 'पेपर अँड कॅरट' ही कॉमिक्स मालिका क्रिटात रंगवतो आणि सगळ्यांसाठी खुली ठेवतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. काही अ‍ॅप स्टोअरवर क्रिटाला पैसे पडतात. तो प्रकल्पाला मदत करण्याचा मार्ग आहे. अधिकृत साइटवर तेच सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

स्क्रायबस पुस्तिका, माहितीपत्रकं आणि कॉलेजच्या वार्षिकांकासाठी. मराठी मजकुरासाठी १.६ किंवा त्यानंतरचीच आवृत्ती घ्या.

आणि ब्लेंडर! थ्रीडी आणि अ‍ॅनिमेशनसाठी. २००२मध्ये त्याची कंपनी बंद पडली तेव्हा निर्माते टॉन रोसेनडाल यांनी लोकांकडे मदत मागितली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि कोड सगळ्यांचा झाला. २०२५मध्ये 'फ्लो' या लॅटव्हियाच्या सिनेमाला सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तो ब्लेंडरवरच केला होता. तेव्हा 'फुकटच्या सॉफ्टवेअरवर काय होणार' हा प्रश्न आता मिटला.

लॅपटॉपचं म्हणाल तर इंकस्केप आणि जिम्प चार जीबी रॅमवर निभावतात, क्रिटाही छोट्या कॅनव्हासवर चालतं. ब्लेंडरला मात्र किमान आठ जीबी हवी. विंडोज १० चे नियमित अपडेट ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले. तुमचा जुना लॅपटॉप ११ घेत नसेल तर लिनक्स मिंट टाकून बघा. ही पाचही सॉफ्टवेअर त्यावर चालतात.

खरी अडचण : दऱ्या की दर्या?

इथवर सगळं सोपं आहे. गाडी अडते ती मराठी अक्षरांवर.

समजा, तुम्ही तोरण्याच्या ट्रेकचं पोस्टर केलं. लिहायचं होतं 'डोंगरदऱ्या', उमटलं 'डोंगरदर्या'. दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन आणि दर्या म्हणजे समुद्र! वेल्ह्यात समुद्र आणायचा नसेल तर टाइप करताना साधा र नाही, खाली नुक्ता असलेला ऱ घ्या. त्याला हलन्त आणि य जोडला की 'ऱ्य' नीट येतो. तीच गत ल आणि श यांची. बऱ्याच फॉन्टमध्ये त्यांचं वळण हिंदी असतं. वाचता येतं, पण आपल्या डोळ्याला खटकतं. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये खास मराठी वळण मिळतं.

फॉन्टचीही आता ददात नाही. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बालू, त्यांचाच गुबगुबीत मोदक, मुंबईच्या रेल्वे स्टेशनवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि कमाईच्या कामातही चालतात. माहितीपत्रकाच्या मजकुराला मुक्ता, यात्रेच्या फ्लेक्सला बालू किंवा यात्रा वन. एका पोस्टरवर दोनाहून जास्त फॉन्ट नकोत, एवढा नियम पाळला तरी निम्मं काम सुधारतं.

प्रिंटवाल्या दादांची भाषा

दुसरा अडथळा दुकानात येतो. आपल्याकडच्या बहुतेक छपाईच्या दुकानांत काम चालतं कोरल ड्रॉवर, आणि मराठी टाइप होतं ते श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं. तुमची फाइल तिथे उघडली की वेलांट्या पळतात, जोडाक्षरं सुटतात, कधी नुसते चौकोन दिसतात. दोष ना तुमचा ना दादांचा. दोन पद्धती एकमेकींना ओळखत नाहीत, एवढंच.

उपाय एका ओळीचा आहे. फाइल 'कर्व्ह' करून द्या. इंकस्केपमध्ये मजकूर निवडून 'पाथ' मेन्यूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' दाबा. अक्षरं अक्षरं राहत नाहीत, चित्रं होतात. मग फॉन्ट असो-नसो, काही बिघडत नाही. मात्र आधी मूळ फाइलची वेगळी प्रत ठेवा. नाव चुकलं तर कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये पुन्हा टाइप करता येत नाही आणि आपल्याकडे फ्लेक्सवरचं एखादं नाव शेवटच्या क्षणी वाढतंच!

पुढच्या तीन सवयीही लावून घ्या. पहिली, फाइल पीडीएफमध्ये द्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की त्याचा दर्जा घसरतो. दुसरी, आकार आधी विचारा. ए-फोर पत्रकाला ३०० डीपीआय लागतो, म्हणजे चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं. लांबून बघायच्या मोठ्या फ्लेक्सला प्रत्यक्ष मापात ७२ डीपीआयही पुरतो. तिसरी, रंग. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मवाळ होतो, कारण छपाई चार शाईंत होते, ज्याला सीएमवायके म्हणतात. इंकस्केप मुळात स्क्रीनच्या रंगात काम करतं. रंग अगदी नेमके हवे असतील तर शेवटचा हात स्क्रायबसमध्ये फिरवा किंवा चित्र क्रिटात सीएमवायकेमध्येच रंगवा. मोठी ऑर्डर असेल तर आधी एक छोटी प्रिंट काढून बघा.

शिकायचं कुठे?

पुण्याच्या क्लासची फी भरण्याआधी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प बघा. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो. साधारण दहा-दहा मिनिटांचे भाग, भारतीय भाषांत डबिंग केलेले, त्यात मराठीही आहे. अर्ध्या स्क्रीनवर धडा आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर, ऐकत ऐकत स्वतः करायचं. धडे उतरवूनही ठेवता येतात. कॉलेजच्या वायफायवर उतरवा आणि घरी रेंज नसताना बघा. कॉलेजने नोंदणी केली तर परीक्षा आणि प्रमाणपत्राचीही सोय आहे. तुमच्या कॉम्प्युटर विभागात एक अर्ज देऊन बघायला काय जातं?

विषय दारातच आहेत

पोर्टफोलिओसाठी काल्पनिक कॉफी शॉपचा लोगो करण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे राजगड आहे. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. इंकस्केपमध्ये प्रत्येक माचीचा वेगळा लेअर करा, वाटा, दरवाजे, पाण्याची टाकी दाखवा. गडावर येणाऱ्या ट्रेकरच्या खिशात राहील असा एक पानी नकाशा तयार होईल. बचत गटाच्या इंद्रायणी किंवा आंबेमोहोर तांदळाच्या पिशवीचं लेबल करा. ते करताना वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, उत्पादकाचा पत्ता, एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका कुठे बसवायचा हे कळतं. भोरच्या राजवाड्यासमोर बसून स्केच करा आणि क्रिटात रंगवा. अशी चार खरी कामं पोर्टफोलिओत असली की ऑर्डर देणाऱ्याला तुमच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे हे विचारायचं सुचत नाही.

एक मात्र खरं. पुण्या-मुंबईच्या काही एजन्सीत नोकरीला गेलात तर फोटोशॉप-इलस्ट्रेटर येतं का, हे विचारतील. तेव्हा ते शिकायला लागेल. पण लेअर, मास्क, पाथ या कल्पना सगळीकडे सारख्याच. बटणांच्या जागा आठवड्याभरात हाताला बसतात. अक्षराची जाण, रंगाची समज आणि मोकळी जागा सोडण्याचं धाडस यायला मात्र वर्षं लागतात. ती वर्षं आजपासून मोजायला सुरुवात करता येते.

या शनिवार-रविवारी एवढं करा

- अधिकृत साइटवरूनच इंकस्केप उतरवा. मुक्ता आणि बालू हे दोन फॉन्ट टाका.
- मराठी कीबोर्ड सुरू करा. 'दऱ्या', 'तोरण्याचा', 'किल्ल्यावर' हे तीन शब्द बिनचूक उमटतात का बघा.
- गावातल्या एखाद्या खऱ्या कार्यक्रमाचं ए-फोर पोस्टर करा. फॉन्ट दोनच, रंग तीनच.
- प्रत ठेवा, कर्व्ह करा, पीडीएफ काढा आणि जवळच्या दुकानात एक प्रिंट मारा.
- ती भिंतीवर लावून दहा फुटांवरून वाचा. जे वाचता येत नाही ते मोठं करा किंवा काढून टाका.