शाळिग्राम आणि शाळेचें पुस्तक

आमच्या कित्येक वाचकांच्या देवघरांत तुळशीपत्राखालीं शाळिग्राम असतो. त्यावरील चक्र कोणा कारागिराचें काम नव्हे. हिमालयाच्या जागीं समुद्र होता त्या काळीं, दहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीं, तेथें वावरणाऱ्या व माकुलाशीं नातें असणाऱ्या एका प्राण्याच्या कवचाचा तो ठसा होय. पुजणारानें तो अवश्य पुजावा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पुजतां पुजतां तो वाचावाहि.

असे जीवाश्म क्वचितच बनतात. प्राणी गाळांत लवकर गाडला जाऊन त्याच्या हाडांत व कवचांत खनिज द्रव्यें भरावीं लागतात. मेलेल्यांपैकीं बहुतेकांचें नांवनिशाणहि उरत नाहीं. म्हणून ही वही पानें फाटलेली आहे खरी. परंतु उरलेल्या नोंदींचा मेळ बसतो कीं नाहीं हें कसें पाहावें, तें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको!

चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा गांवीं डायनोसॉरांच्या काळची विष्ठा दगड होऊन पडलेली आहे. तींत गवताचे वाळूसारखे सूक्ष्म कण असल्याचें संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. हे प्राणी ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं नष्ट झाले, व गवत त्यानंतरचें, असा तोंपर्यंत सामान्य समज होता. विदर्भांतील शेणखड्यांनीं जगांतील पंडितांस मत बदलावयास लाविलें, आणि त्यांनीं तें बदललें. आमच्या शास्त्री मंडळींनीं एवढें तरी घ्यावें.

डार्विन व वॉलेस यांनीं १८५८ सालीं मांडलेलें तत्त्व बियाणें निवडणाऱ्या शेतकऱ्यास नवें वाटूं नये. संतति एकसारखी नसते. परिस्थितीस जी मानवते ती अधिक वंश ठेविते. निसर्गांत ही निवड दुष्काळ, रोग व शत्रू करितात. माणूस माकडापासून झाला तर माकडें अद्याप कां आहेत, असें विचारणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, दोघांचे पूर्वज एक होते, एवढेंच शास्त्राचें म्हणणें आहे. चुलतभाऊ हयात आहे म्हणून आजोबा एक नव्हते असें ठरत नाहीं.

तथापि २०१८ सालीं एका केंद्रीय राज्यमंत्र्यानें हा सिद्धांत चुकीचा असल्याचें जाहीर सांगितलें; आणि २०२३ सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग गळाला. कारण दिलें तें मुलांवरील ओझ्याचें. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनीं सह्या करून निषेध नोंदविला, तेव्हां बारावीच्या जीवशास्त्रांत तो विषय आहे असें उत्तर मिळालें. मग दहावीनंतर वाणिज्याकडे वळणारा आमच्या व्यापारी वाचकांचा मुलगा तो कोठें शिकणार?

महाराष्ट्र राज्यानें २०१८ सालीं काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागांत पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा होता. नवी आवृत्ति दुकानांत येईल तेव्हां किंमत विचारण्यापूर्वीं पालकांनीं तो धडा उघडून पाहावा.