बधिरांचा दूरध्वनी

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मूळचे बधिरांचे शिक्षक. त्यांच्या मातोश्रींना ऐकू कमी येत असे. पत्नी मेबल या तर बालपणीच्या ज्वरामुळे पूर्ण बधिर झालेल्या होत्या. अशा गृहस्थाने १८७६ साली ज्या यंत्राचे पेटंट मिळविले, ते यंत्र पुढे जवळजवळ नव्वद वर्षे बधिरांच्या दृष्टीने मुकेच राहिले. रात्री घरात कोणी आजारी पडले तरी बधिर माणसाला शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागे, आणि आपले खाजगी बोलणे परक्याच्या तोंडून करावे लागे.

ही कोंडी १९६४ साली अमेरिकेत फुटली. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे पदार्थवैज्ञानिक स्वतः जन्मबधिर होते. हौशी रेडिओचा त्यांना नाद होता आणि दूरमुद्रक, म्हणजे टेलिप्रिंटर, रेडिओला जोडून ते संदेशांची देवाणघेवाण करीत. जेम्स मार्स्टर्स या पॅसाडेनाच्या बधिर दंतवैद्यांच्या सहकार्याने त्यांनी हेच यंत्र दूरध्वनीला जोडण्याचे काम हाती घेतले.

यात अडचणी दोन होत्या. दूरमुद्रकात प्रत्येक अक्षरासाठी पाच खुणा असतात. खूण म्हणजे विद्युत्प्रवाह असणे किंवा नसणे. परंतु दूरध्वनीची तार मानवी वाणीसाठी योजलेली. दर सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपने, एवढेच तिचे क्षेत्र. प्रवाहाची नुसती उघडझाप तिच्यातून पलीकडे पोचत नाही. म्हणून वाइटब्रेख्ट यांनी त्या उघडझापीला स्वर दिले : प्रवाह असेल तेव्हा १४०० कंपनांचा, नसेल तेव्हा १८०० कंपनांचा. पलीकडे या स्वरांचे पुन्हा प्रवाहात रूपांतर होई. असे दुहेरी रूपांतर करणाऱ्या साधनालाच मोडेम म्हणतात.

दुसरी अडचण मानवनिर्मित होती. आपल्या तारेला परके उपकरण जोडण्यास दूरध्वनी कंपनीची सक्त मनाई होती. तेव्हा तारेला हातच लावायचा नाही, रिसीव्हर मोडेमवरील दोन खोलगट वाट्यांत ठेवायचा आणि स्वर त्याच्या बोलण्याच्या बाजूस ऐकवायचे, अशी युक्ती निघाली. शिवाय आपलाच स्वर प्रतिध्वनीरूपाने परत येऊन आपल्याच यंत्रावर भलतीसलती अक्षरे उमटवी. या प्रतिध्वनीचा बंदोबस्त हे वाइटब्रेख्ट यांचे खरे कसब होय.

आता असा संवाद चाले कसा, ते पाहू. बोलावणारा रिसीव्हर वाट्यांत ठेवून तबकडी फिरवी आणि मोडेमवरील लहानशा दिव्याकडे दृष्टी लावून बसे. स्थिर प्रकाश म्हणजे तार मोकळी; सावकाश उघडझाप म्हणजे पलीकडे घंटा वाजत आहे; जलद उघडझाप म्हणजे तार गुंतलेली. पलीकडच्या घरात घंटेबरोबर खोलीतील दिवा लुकलुके. तो पाहून घरधनी रिसीव्हर वाट्यांत ठेवी आणि प्रथम स्वतः टंकू लागे. हा क्रम महत्त्वाचा, कारण अक्षरे उमटेपर्यंत बोलावणाऱ्याला पलीकडे कोणी आले आहे याची खात्री नसे. ऐकू येणाऱ्या एखाद्याने चुकून अशा घरी दूरध्वनी केलाच, तर त्याच्या कानी केवळ विचित्र किलबिल पडे.

दोन्ही बाजूंचे स्वर एकच असल्याने दोघांनी एकाच वेळी टंकले की नुसता गोंधळ माजे. म्हणून आपले म्हणणे संपले की 'जीए', म्हणजे 'आता आपण बोला', अशी दोन अक्षरे टंकण्याची रीत पडली. निरोप घेताना 'एसके'. वेग मिनिटास सुमारे साठ शब्दांचा.

संगणकांसाठी १९६२ साली निघालेल्या 'बेल १०३' मोडेममध्ये ही पाळी लागत नसे. त्यात बोलावणाऱ्यास १०७० व १२७० कंपनांची जोडी, तर उत्तर देणाऱ्यास २०२५ व २२२५ कंपनांची. त्यामुळे दोघेही एकदम बोलू शकत. पुढे १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमने तर क्रमांक फिरविणे आणि उत्तर देणे ही कामेही संगणकाच्या लेखी आज्ञेवर सोपविली. तथापि घंटा ऐकून प्रथम स्वर काढायचा तो उत्तर देणाऱ्याने, हा शिष्टाचार तेथेही होता.

बधिरांपाशी दूरमुद्रक आले ते बहुतांशी टाकाऊ. कंपनीने मोडीत काढलेली अवजड यंत्रे १९६८ च्या करारानंतर त्यांना मिळू लागली आणि स्वयंसेवक ती दुरुस्त करून घरोघर पोचवू लागले. ज्यांच्याकडे असे यंत्र नाही त्यांच्याशी बोलण्याची सोय पुढे १९९० च्या अमेरिकी कायद्याने सर्वत्र बंधनकारक केली : मध्यस्थ बधिराचे टंकलेले शब्द वाचून दाखवी आणि उत्तर टंकून धाडी. या सेवेमुळे ऐकू येणारी माणसेही आपले वाक्य संपताच तोंडाने 'गो अहेड' म्हणू लागली.