कोकिळेचं घड्याळ आणि आपलं चावीचं घड्याळ

मृगाच्या आधी शिवारात पावशा ओरडू लागला, की जुनी माणसं म्हणतात, बघा, 'पेरते व्हा' सांगतोय. पाखरानं वेळ सांगावी, हे आपल्याला नवं नाही. पावशाच्याच कुळातलं कक्कू नावाचं पाखरू जर्मनीत घड्याळातून वेळ सांगतं. आज त्या घड्याळाबद्दल आणि आपल्या घरातल्या चावीच्या घड्याळाबद्दल बोलू.

जर्मनीच्या दक्षिणेला ब्लॅक फॉरेस्ट हा डोंगराळ जंगलाचा भाग आहे. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, शेती थांबते. त्या दिवसांत तिथली शेतकरी कुटुंबं घरीच लाकडी घड्याळं बनवायची. १८ व्या शतकात त्यांच्या घड्याळांत कक्कू आला. १८५० मध्ये फुर्टवांगेन इथल्या घड्याळाच्या शाळेनं नवे नमुने मागवले. तेव्हा रेल्वेच्या चौकीदाराच्या घरासारखा नमुना पुढे आला. तो आकार आजही चालतो.

या घड्याळाला ना सेल लागतो, ना वीज. साखळीला लोखंडी वजन टांगलेलं असतं. ते हळूहळू खाली येतं आणि त्याच्या ओढीनं चाकं फिरतात. चाकं भरभर फिरू नयेत म्हणून लंबक त्यांना एका लयीत धरून ठेवतो. तास भरला, की आतले दोन छोटे भाते एकामागून एक उचलून सोडले जातात. लोहाराच्या भात्यासारखीच त्यांतून हवा निघते आणि शिट्टीत शिरते. आधी उंच सूर, मग खालचा, म्हणजे झालं 'कु-क्कू'! त्याच वेळी तारेनं दार उघडून पाखरू बाहेर येतं. काही घड्याळांचं वजन रोज वर ओढावं लागतं, काहींचं आठ दिवसांनी.

आपल्याकडच्या चावीच्या घड्याळात वजनाऐवजी स्प्रिंग असते. बाकी तत्त्व तेच. आमच्या गटातल्या एका घरातलं असं घड्याळ 'बंद पडलं' म्हणून भंगारात गेलं. सासूबाईंच्या लग्नातलं होतं ते. नंतर कळलं, की रंगकामानंतर ते भिंतीवर तिरपं टांगलं होतं, एवढंच. म्हणून घड्याळ भंगारवाल्याला देण्याआधी एवढं बघा:

घड्याळ सरळ टांगा. 'टिक' आणि 'टॉक' यांच्यामधलं अंतर सारखं ऐकू आलं पाहिजे. एक लांब आणि एक आखूड वाटलं, तर घड्याळ जरासं डावी-उजवीकडे सरकवा. घड्याळ मागे पडत असेल, तर लंबकाचं गोल वजन किंचित वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. ठोक्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवू नका. खोबरेल किंवा गोडं तेल आत घालू नका, ते चिकट होऊन चाकं अडकतात. तरीही चाललं नाही, तर जुन्या कारागिराला दाखवा.

गटाची सहल काढायची असेल, तर नागपूरहून रेल्वेनं हैदराबादला जाता येतं. तिथल्या सालारजंग संग्रहालयात एक नामी घड्याळ आहे. दर तासाला त्यातून छोटा माणूस बाहेर येतो आणि जितके वाजले तितके ठोके देतो. दुपारी १२ ला सर्वांत जास्त ठोके, म्हणून तेव्हा गर्दी होते. थोडं आधीच जाऊन जागा धरा. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. मुंबईला गेलात, तर १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर बघा. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी २ लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं.

पण लांबच्या सहलीआधी एक काम घरच्या घरी करू. माळ्यावर किंवा कोठीत पडलेलं चावीचं घड्याळ पुढच्या बैठकीला घेऊन या. सरळ टांगून, चावी देऊन बघू. चालू झालं, तर सासूबाईंना पहिला ठोका ऐकवा.